पाण्याच्या टाकीवरचे मोर

५ ऑक्टोबर, रविवार
निर्णय पक्का. फोनवर एका परदेशी शहराचा व्हिडिओ पाहिला. लोकांनी सणाच्या आठवणी सांगायच्या, कलाकाराने त्या दिव्यांतून चौकात उभ्या करायच्या. आपल्या जिल्ह्यात हे कोणी केलेलं नाही. मी शहापुरात चित्रकला शिकवतो, म्हणजे जबाबदारी माझ्यावरच येते. जागा: सासुरवाडी, सिद्धगडाच्या पायथ्याशी. तिथे पाण्याची नवी टाकी आहे, पांढरीशुभ्र. नाव: 'स्मृतिप्रकाश'. उद्घाटन पाडव्याला.
बायकोला, अनिताला, सांगितलं. ती म्हणाली, आधी आपल्या बाथरूमचा बल्ब बदला.

११ ऑक्टोबर, शनिवार
आठवणी गोळा करायला स्कूटरने मुरबाडमार्गे सासुरवाडीला. सगळा गाव शेतात. भातकापणी. फोन रेकॉर्डिंगला लावून बांधावर उभा राहिलो. शेजारच्या ठकीबाईंना विचारलं, दिवाळी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? म्हणाल्या, "कंबर." कंबर कशी, तर दिवाळी येते तेव्हाच कापनी, सारवण आणि फराळ एकदम येतं. पुढे म्हणाल्या, उभेच हाव तर जरा पेंढ्या उचला.
उचलल्या. संशोधनात असं करावं लागतं.
संध्याकाळपर्यंत मिळालेल्या आठवणी: कंबर, कोणाच्या तरी बकरीने रांगोळी चाटली, एका चुलत्याने चकलीवरून भांडण काढलं. प्रकाशात आणण्यासारखं काहीही नाही. लोकांना आठवायचं कसं तेच माहीत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सासूबाईंनी, म्हणजे बाईजाबाईंनी, मात्र सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. समोरच्या डोंगरावरच्या वाडीत त्यांचा भाऊ कमळू राहतो. दर भाऊबीजेला तो सकाळी उतरून यायचा, काखेत कोंबडी आणि तोंडाने मोठ्याने गाणं. दिसायच्या आधी ऐकू यायचा. आमच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान आधी दुसऱ्या मामाला दिला, म्हणून कमळूमामा मांडवातून उठून गेले ते परत आलेच नाहीत. सासूबाईंनी दोनदा निरोप धाडला. उत्तर नाही.
उत्तम आठवण. हीच मध्यवर्ती कल्पना. फक्त कोंबडी काव्यात्म वाटत नाही. विचार करतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
दिव्यांचं काम मनोजकडे. हा अनिताचा चुलतभाऊ, लग्नाच्या मांडवांना लायटिंग करतो. मी स्केच दाखवलं: उतरणारा भाऊ, वाट, डोंगर, ओढ. मनोज म्हणाला, दाजी, माझ्याकडं मोर हायेत.
फक्त मोर. दोन मोठे, पिसारा उघडमिट होणारे, आणि मध्ये कलश. लग्नाचा सेट. नवीन फ्रेम बनवायला टाइम नाय म्हणाला.
रात्री विचार केल्यावर पटलं. मोर म्हणजेच भाऊ. कोंबडीचाही प्रश्न सुटला.

१९ ऑक्टोबर, रविवार
सासूबाईंनी विचारलं, मोरांची तोंडं कुनीकडं? सांगितलं, रस्त्याकडे. शहापूरच्या कलामंडळाचे अध्यक्ष गाडीतून उतरले की पहिली नजर पडली पाहिजे. त्या म्हणाल्या, "जावाय, डोंगराकडं फिरवा ना. वाडीवरचा दिवा हितनं दिसतो, तर आपलाबी तिकडं दिसंल."
त्यांना अँगल, प्रेक्षक, फोटो हे सगळं नीट समजावलं. त्या उठून मनोजला चहा द्यायला गेल्या. पटलं असावं.

२२ ऑक्टोबर, पाडवा
लिहायची इच्छा नाही, पण नोंद हवी.
अध्यक्ष वेळेवर आले. मी बटण दाबलं. टाकी पेटली, पण मागच्या बाजूने. रस्त्याकडून दिसत होते ते फक्त बांबू, वायरी आणि मनोजची वाळत घातलेली लुंगी. मोर डोंगराकडे तोंड करून ऐटीत पिसारे फुलवत होते.
मनोजला झापलं. तो म्हणाला, काकीनं सांगितलं फिरवायला, काकीला नाय कसं म्हनू? सासूबाईंकडे पाहिलं. त्या टाकीच्या पलीकडे गवतात एकट्याच बसल्या होत्या. मोरांकडे पाठ, डोळे डोंगरावर.
अध्यक्ष बांबूंकडे बघून म्हणाले, काम चालू आहे वाटतं. चहा घेऊन गेले.
भाषण खिशातच राहिलं. या जिल्ह्यात कला रुजणार नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सकाळी ओरडा ऐकून जागा झालो. ओटीसमोर एक म्हातारा, काठी आपटत. "कुनाचं लगीन काढलं गो बाईजा? रातभर मोर नाचवलं, आन सख्ख्या भावाला सांगाया तोंड नाय तुला? एकदा केलंस ते पुरं नाय झालं?"
कमळूमामा. अख्खा डोंगर उतरून भांडायला आले होते.
सासूबाई दारातच थांबल्या. "लगीन नाय रे बाबा," म्हणाल्या, "दिवाळी हाय." आणि मग रडायलाच लागल्या. मामांची काठी वर होती ती तशीच राहिली. मग म्हणाले, पानी तरी देशील का नाय? अनिताने पाट मांडला. सासूबाई ओवाळत होत्या तेव्हा निरांजन कलंडायला लागलं, अनिताने खालून ताटाला हात लावला. मी फोटोसाठी फोन काढला आणि तसाच खिशात ठेवला. उजेड कमी असणार.
फराळाला बसल्यावर मामांनी माझ्याकडे बोट केलं. हा कोन?
सासूबाई म्हणाल्या, आपल्या अनिताचा नवरा. मास्तर हाय. चित्रं काढतो.
मी सावरून बसलो.
मामांनी विचारलं, आन ती लायटिंग कुनाची? लय झ्याक होती.
"ती आपल्या मनोजची," सासूबाई म्हणाल्या.
मनोज समोरच बसून करंजी खात होता. नाय म्हणाला नाही.