कळप मावेल अशी लेन्स

१४ ऑगस्ट
दुधनीहून आबांचा फोन. गुडघे गेले, आता मेंढरं विकणार म्हणाले. दिवाळी पाडव्याला मेंढरांची पूजा झाली की व्यापारी येऊन नेईल. त्याआधी कळपासंगं एक फोटू काढ, घरात लावायचा हाय, एवढंच मागणं. आजवर आबांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.
निश्चय : हा फोटो डीएसएलआरवरच. छंद म्हणून कॅमेरा घ्यायचाच होता.
रुपालीचं म्हणणं, रविवारी जाऊ आणि फोनवर काढू. बायकोला समजावलं की फोनवरचा फोटो हा फोटो नसतो. ती कणीक मळत राहिली.

१७ ऑगस्ट, रविवार
गेलो नाही. अभ्यास सुरू. फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर? दिवसभर व्हिडिओ पाहिले. संध्याकाळी प्रश्न तोच होता, पण आता तो मला नीट कळलाय.

२ सप्टेंबर
डीएसएलआर जुने झाले म्हणे, आता मिररलेस घ्यायचे. हे सांगणारा व्हिडिओवाला स्वतःचा डीएसएलआर विकायला बसलाय. दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी ठरलं, डीएसएलआरच. जुनं ते सोनं.

७ सप्टेंबर
आबांना फोन करून लेन्स समजावली. पंच्याऐंशी एमएमची घेतली की तुम्ही एकदम ठसठशीत आणि मागचं सगळं ब्लर, म्हणजे पुसट. आबा मग म्हणाले, मागं तर मेंढरंच हायती की. ती पुसायची तर मी एकटा कशाला हुबा ऱ्हाऊ?
मागून आई ओरडली, जेवला का इचारा त्येला. जेवलो होतो. कलेचं त्यांना कळत नाही, पण माणसं चांगली आहेत.

२८ सप्टेंबर
वाइड लेन्स ठरली. सगळा कळप मावेल. कॅमेऱ्याची बॉडी एका कंपनीची, लेन्स दुसऱ्या कंपनीची. सामान्य माणूस दोन्ही एकाच कंपनीचं घेतो आणि निम्म्या गोष्टीत मार खातो. मी दोन्हीकडचं उत्तम उचललं. माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स बसते ते तोंड, या विषयावर एक लांबलचक व्हिडिओ होता, तो सोडून दिला. आपल्याला फोटो काढायचेत, फिटरचं काम करायचं नाही.
व्यापारी दोनदा येऊन गेला. आबांनी पाडव्याआधी न्हाय म्हणून परत पाठवला. पोरगं कॅमेरा आणतंय, असं त्यालाही सांगितलं म्हणे.

१८ ऑक्टोबर
लेन्स आली. बॉडी आधीच आलीय, बॅटरी चार्ज करून ठेवलीय. रुपाली म्हणाली, एकदा जोडून तरी बघा. नाही म्हटलं. जोडताना आत धूळ जाते. एकदाच जोडायची, आबांसमोर. आमच्या जुळे सोलापूरची धूळ तिला माहीतच नाही, रोज तीच झाडते तरी.

२२ ऑक्टोबर, पाडवा
संध्याकाळी घरी परत. लिहायचं नव्हतं. लिहितो.
मेंढरं धुतलेली, शिंगं रंगवलेली. पूजा झाली. आबा नवा फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून कळपाच्या मधोमध उभे राहिले. टेम्पो लागला होता. आबांचा एक नियम आहे : व्यापाऱ्याने पुढच्या एडक्याला भंडारा लावला की कळप त्याचा. मग आबा त्यात पाऊल टाकत नाहीत. व्यापारी भंडाऱ्याची पिशवी धरून थांबला होता. भला माणूस, घाई केली नाही.
लेन्स बसेना. उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली, दाबली, फुंकली. बॉडीचं तोंड वेगळं, लेन्सचं वेगळं. आबा हलले नाहीत. पापणी लवली तर चालंल का, असं विचारलं. चालेल म्हटलं.
खिशातला फोन आठवला होता. पण सगळी गल्ली जमली होती आणि कॅमेऱ्याबद्दल मीच सगळ्यांना सांगून बसलो होतो. लेन्स पिशवीत टाकली. नुसती बॉडी डोळ्याला लावली आणि बटण दाबलं. खट्ट आवाज चांगला आला.
आबांनी विचारलं, समदी आली का? आली म्हटलं.
एडक्याला भंडारा लागला. रुपाली फोन घेऊन पुढे झाली, आणखी एक काढते म्हणाली. आबा तोवर कळपाबाहेर आले होते. म्हणाले, आता ती त्येची. दुसऱ्याच्या मेंढरात हुबं ऱ्हाऊन फोटू काढायचा व्हय? आन पोरानं काढलाय की.
टेम्पो गेला. आबा मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाघुरीशी उभे राहिले. मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. रुपालीने गाडीवर कॅमेऱ्याची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

२३ ऑक्टोबर
फोटो कॉम्प्युटरवर उघडला. पांढरा आहे. एका बाजूला किंचित पिवळट, तो फेटा असावा. मागचं ब्लर आलंय. पुढचंही.
निश्चय : पुढच्या वेळी माउंटचा व्हिडिओ आधी.
पुढची वेळ कसली, असं रुपालीने विचारलं.

९ नोव्हेंबर
आबांचा फोन. दारासमोरच्या भिंतीला आईने चुना दिलाय आणि आबांनी खिळा ठोकलाय. मोठा ठोकलाय, एवढी मेंढरं पेलायची म्हणून. सकाळी उठून कुटं जायचं ते कळत न्हाय, मग भिंतीकडं बघत बसतो, म्हणाले. फोटू कवा आणतोस?
एडिटिंग चालू आहे म्हटलं.
लई काम असतंय व्हय, म्हणाले. सावकाश कर. पर एकबी मेंढरू पुसू नगंस.
बरं म्हटलं.