मी नांदायला जाणार नाही

कडेगाव, ५ मार्च १९४४

आज यांनी दुसरी केली. शालू नाव. सतरा वर्षांची असेल. आठ वर्षांत मला मूल झालं नाही म्हणून. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला सासूबाईंनी मलाच उंबऱ्यात उभं केलं. ओवाळला. पोरगी खाली मान घालून रडत होती. मला रडू आलं नाही — राग आला.

९ मार्च

शेजारणी समजावून गेल्या. सवतीबरोबर नांदतातच बायका, थोरलीचा मान तुझाच. मान! शेण काढता काढता ठरवलं. जायचं.

माधवनगर, १४ मार्च

आक्काताईंनी ठेवून घेतलं. माझ्या माहेरच्या शेजारीण. जातीनं जैन, नवरा वारल्यापासून इथं गिरणीत. मुकादमाला सांगून मलाही सुताच्या खात्यात लावलं. बोटं कापली. घरी आल्यावरही कानात यंत्रं चालूच. पण जेवताना माझ्या ताटाकडे कुणी बघत नाही!

२ एप्रिल

हे आले होते. म्हणाले, तुझ्यामुळं गावात तोंड दाखवता येत नाही. मी विचारलं, दोन बायका केल्यावर येत होतं? जाताना पंच बसवतो म्हणाले.

१६ एप्रिल

कडेगावला जाऊन आले. एकटी.

पंच चावडीत वर, मी खाली. माझ्या वडिलांना, आबांनाही माहेरच्या गावाहून बोलावलेलं. नांदायला ये, नाहीतर तुझ्या बापाच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही, असा ठराव. थोरले पंच म्हणाले, “नवरा सोडलेल्या बाईला मेल्यावर खांदा कोन देनार?”

मी म्हणाले, “मेल्यावरचं तुमी बघा. जिती हाय तवर कुठली भाकरी खायाची, ते मी ठरवलंय.”

आबा उठले. वाटलं, मारतात आता. त्यांनी पटका सारखा केला. “ल्ह्या ठराव. आमच्या घरचं पानी प्यायला आमी हाय की.”

मोटारीपर्यंत सोडायला आले. गाडी हलली तेव्हा हात वर केला. सांगलीपर्यंत मी एकटीच हसत होते. लोक बघत होते — बघू देत!

२३ एप्रिल

लुगडं घेतलं. हिरवं. पहिल्यांदाच माझ्या पसंतीचं.

८ मे

संध्याकाळी दारात शालू. काखेत गाठोडं, पाय धुळीनं भरलेले. पाया पडायला वाकली, मी धरली. म्हणाली, “बाई, गिरनीत आनि एक बाई घेतील का?”

म्हटलं, आधी जेव. सकाळी सहाला भोंगा होतो.