वस्तरा की रेझर

इंद्रपुरी, मंगळवार संध्याकाळ

नुसती चिडचिड! इतके महिने पायांवर ते केस घालवायचं लाइटचं मशीन मारतेय आणि केस जसेच्या तसे. आज सूचना नीट वाचल्या. प्रकाश मुळापर्यंत पोचतो तो केसातूनच, म्हणून आधी रेझर फिरवायचा, वॅक्स करायचंच नाही. आणि मी दर वेळी जवाहर चौकातल्या पार्लरमध्ये केस मुळासकट उपटून येत होते! का? तर आईचा हुकूम. "वस्तरा बायकांनी लावू नये, केस राठ होतात." रेझर म्हणत नाही, वस्तराच म्हणते.

तिच्यावर ओरडले. मग हट्टाने रेझर फिरवला, पाय कोरडे केले, मशीन लावलं. आई दारात. आता पुन्हा वस्तरा सुरू होणार, वाटलं. तर हळूच म्हणाली, "अगं, माझ्या हनुवटीवर चालेल का हे?"

रोज दार लावून चिमट्याने उपटते, मला माहीत आहे. मग आधी का नाही विचारलं? आता सगळे पांढरे झालेत, आणि पांढऱ्या केसांवर हे मशीन चालतच नाही. सांगितलं तसं.

तिने हनुवटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं, तो रेझर दे."

"वस्तरा" नाही म्हणाली.