उजवी कळी

रविवार, दिवेलागणीची वेळ

आज गावच्या देवळात कौल लावला. बारवी धरणाकडच्या आमच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. वारस फक्त आम्ही दोघे भाऊ, असं लिहिलेल्या कागदावर दादाने सही केली, माझी तेवढी राहिलीय. काकांच्या मागे एकटी राहिलेली यमुनाकाकू त्या कागदात नाहीच.

गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार. मी गाऱ्हाणं घातलं, "व्यवहार करू का?" काकूचं नाव काढलं नाही. देवापासून लपवायला निघालो होतो, मूर्ख!

डावी पडली. उजवी तशीच चिकटलेली.

दादा म्हणाला, "पाणी जास्त झालं असेल. परत लावा."

गुरव हसला. "उजवी पडेपर्यंत लावायची, तर देवाला विचारता कशाला?"

बाहेर येऊन मी दलालाला फोन केला. "काकूचं नाव घाला, नाहीतर माझी सही नाही."

"मग पार्टी थांबणार नाय, भाऊ. सोच लो."

दादा बाइक काढून निघून गेला. या पैशातून घ्यायचा अंबरनाथचा फ्लॅट आता विसरायचा. शहाडची ही भाड्याची खोलीच आपली.

बायको म्हणते, देवाचं ऐकलंत, बरं केलंत. खरंच ऐकलं का मी? ती उजवी कळी काही डोळ्यांपुढून जात नाही. पडली असती तर? सही केली असती, आणि काकूला तोंड वर करून सांगितलं असतं, देवाचीच इच्छा होती.