तिसऱ्या मोटारीचा आवाज

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला मोटारीबद्दल लिहायला बसलोय. हसू नका. ही मोटार आवळ्याएवढी आहे. अशा चार मोटारी लावून तुमच्या नातवाने कॉलेजात असताना एक ड्रोन जुळवला होता. हवेत उडायचा, वरून सगळ्या शिवाराचे फोटो काढायचा. शिरूरच्या आमच्या घरामागे माळ आहे, तिथे तो रोज संध्याकाळी उडवायचा. मेंढरं बुजायची आणि मेंढरांमागचा म्हातारा त्याला ठेवणीतल्या शिव्या द्यायचा. मला त्या शिव्या ऐकून आपलं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. आता पोरगा जर्मनीत नोकरीला आहे. तुमच्या सुनेला जाऊन तीन वर्षं झाली. घरात मी एकटा, आबा. कुकर लावायचा मीच, शिट्ट्या मोजायच्या मीच, आणि भात जास्त झाला की शिळा खायचाही मीच.

पोरगा दर रविवारी दुपारी फोन करतो. चेहरा दिसतो त्या फोनमध्ये. पण चेहऱ्याकडे बघून बोलायचं काय? "पप्पा, जेवलात का?" "जेवलो. तिकडं थंडी हाय का?" "हाय." झालं. दोन मिनिटांत आम्ही दोघं रिकामे. एका रविवारी बोलता बोलता तो म्हणाला, "पप्पा, त्या ड्रोनच्या मोटारी पडून पडून जाम होतील. साफ कराल का? मी सांगतो तसं करा." मी जन्मभर मोटारींच्या तारा गुंडाळून वाईंडिंग केलेला माणूस, आधी यवतला तुमच्या दुकानात, मग इथल्या कारखान्यात, आणि हे कार्टं मला मोटार धरायला शिकवणार! पण म्हटलं, सांग. फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला, तुमच्या सुनेची पितळी परात घेतली. स्टीलच्या ताटात त्या मोटारीचं चुंबक चिकटून बसतं, पितळेत बसत नाही. आधी पंखा काढायचा, मग खालची बारीक क्लिप, मग वरची वाटी अलगद ओढायची. वाटीच्या आत चुंबकं असतात आणि त्यांना माळावरच्या मातीतली काळी, लोखंडी कच चिकटलेली असते. ती चिकटपट्टीने टिपून घ्यायची, तारांवरची धूळ मऊ ब्रशने झाडायची, बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्यायचं. "पप्पा, जास्त नका घालू, तेलाला धूळ धरती." "आरं, तुझ्या बापाला सांगतोस व्हय रं?" दोघंही हसलो. तास कसा गेला कळलं नाही.

चार रविवारी चार मोटारी झाल्या. पाचव्या रविवारी त्याने विचारलं, "झाल्या का सगळ्या चांगल्या?" हो म्हटलं असतं तर परत जेवलात का आणि थंडी हाय का. मी म्हणालो, "तीन नंबरला आवाज हाय बघ. खरखर करती." आबा, कसली खरखर? बोटाने फिरवली की लोण्यातून फिरल्यासारखी फिरत होती. पण तो म्हणाला, "परत खोला, बघू." आठ महिने झाले, आम्ही बापलेक दर रविवारी ती धडधाकट मोटार खोलतोय. मध्येच तो त्याच्या ऑफिसचं सांगतो, तिथल्या पावाचं सांगतो, एकदा तर आईच्या आठवणीने रडलाही. मोटार परातीत असली की सगळं बोलता येतं.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी बावीस वर्षांचा आहे, यवतच्या दुकानात दुपारची वेळ आहे, मित्र बैलगाड्यांच्या शर्यतीला निघालेत. एक झेंडूवाला शेतकरी विहिरीवरची मोटार घेऊन येतो आणि मी ती न खोलताच सांगतो, "जळली. चार दिवस लागतील." तुम्ही चहा पिऊन येता, वाकून मोटारीचा वास घेता आणि माझी मान धरून मला वाकवता. "घे वास. येतुय का जळका?" "न्हाई." "मग जळली कुठनं? चांगल्या मोटारीला खराब म्हनतूस? चालत्या मानसाला मेला म्हनशील उद्या!" आत नुसता गाळ अडकला होता. साफ करून ती सायकलवर बांधून तुम्ही मला त्याच्या मळ्यात पाठवलंत, खोटं बोललो हे माझ्याच तोंडाने सांगायला. तो बिचारा हसला, मला चहा पाजला. तुम्ही मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्यानंतर उभ्या आयुष्यात मी मोटारीबद्दल खोटं बोललो नव्हतो. ह्या आठ महिन्यांपर्यंत.

गेल्या रविवारी पोरगा म्हणाला, "पप्पा, पुढच्या वेळी ती मोटार फोनजवळ धरून फिरवा. आवाज रेकॉर्ड करतो, कॉम्प्युटरवर लावला की नेमका दोष कळंल." आठवडाभर जेवण गेलं नाही मला. मशीन खोटं बोलत नाही. सापडलो असतो, आणि बाप भीक मागतोय फोनसाठी, हे त्याला दिसलं असतं. आज सकाळी माळावर गेलो, चिमूटभर बारीक वाळू आणली आणि ह्या हाताने त्या चांगल्या बेअरिंगमध्ये सोडली. फिरवली तेव्हा कर्रकर्र आवाज आला.

दुपारी फोन आला. मी मोटार जवळ धरली, फिरवली. त्याने परत एकदा फिरवायला लावली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पप्पा, आज खरंच आवाज येतुय."

आज, म्हणाला. म्हणजे खरखरीच्या पहिल्या रविवारपासून त्याला माहीत होतं. तरी बसत होता, दर रविवारी, तासभर, माझ्यासमोर. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घालवला. त्याने विचारलं, "काय झालं हो हिला एकाएकी?" सांगायला तोंड उघडलं होतं, आबा, देवाशपथ उघडलं होतं. पण तोंडातून निघालं, "धूळ गेली आसंल." "व्हय, तसंच असंल," तो म्हणाला, आणि बेअरिंग कुठून मागवायचं ते बघायला लागला.

हा कागद मी घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवणार? आठ महिने त्याला खोटं सांगितलं आणि तो एकदाही फसला नाही. आज फसला.