बोटानं वाचलेली बंदूक

ते रापा, हॅमिल्टन
रविवार

ति. बेबीताईस,
सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे आता बरे असतील, आणि दाजींची साखरही. माझं लिव्हर ठणठणीत आहे. फोनवर "लिव्हर जुनं आहे, जरा अडकतं, पण विकणार नाही" असं मी म्हणालो ते बंदुकीच्या लिव्हरबद्दल. (खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की काडतूस चढतं, ते लिव्हर.) तू उगाच दाजींना डॉक्टरांकडे विचारायला पिटाळलंस. तर ही बंदूक शंभर वर्षांपूर्वी इथल्या पोलिसांकडे होती, असं सांगून एका शेतकऱ्यानं मला विकली. लायसन्स आहे, तिजोरी आहे, फक्त घरच्या सरकारची, म्हणजे सुरभीची, परवानगी नव्हती. (तिजोरी कपाटात तिच्या साड्यांच्या जागी आली.) तिनं निर्वाणीचं सांगितलं, पोलिसांची असल्याचं सिद्ध कर, नाहीतर विकून टाक.

म्हणून काल सुरभी आणि बंदूक दोघींना घेऊन संग्राहकांच्या क्लबात गेलो. जुन्या बंदुकांची किंमत ठरवणारे तिथले म्हातारे ग्रॅहम म्हणजे या विषयातलं शेवटचं कोर्ट. त्यांनी भिंग लावलं, नाक मुरडलं. पोलिसांचा शिक्का कुठेच नाही, दस्त्याच्या पितळी पट्टीवर नुसते टोचे पडलेत, म्हणाले. सुरभी गालात हसली आणि मी बंदूक आवरायला घेतली. जाता जाता पट्टीवरून बोट फिरवलं, तर ताई, टोचे कसले, ती तर अक्षरं! ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. वस्तीत लग्नाची पंगत उठली की ज्याची भांडी त्याला पोचवायचं काम माझंच होतं ना? काजळी धरलेल्या पातेल्यावरचं नाव मी बोटानं ओळखायचो. डोळे मिटले आणि भर क्लबात खणखणीत वाचलं, पोलीस, त्रेचाळीस! ग्रॅहमनी जुनी यादी काढली, तर त्रेचाळीस नंबर हजर. "स्वीट अ‍ॅज, नॅग्स!" (म्हणजे 'झकास, नागसेन!') म्हणत त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा पडला. किंमत जागच्या जागी चौपट झाली आणि सुरभीनं स्वतःहून आमचा दोघांचा (म्हणजे माझा आणि बंदुकीचा) फोटो काढला. मी कालपासून जमिनीवर नाही.

तुझा,
नागसेन

ता.क. बंदूक कपाटात राहिली. माझे कपडे गॅरेजात गेले.

ता.क. २. ही विद्या कुठे शिकलात, असं ग्रॅहमनी विचारलं. आईच्या तांब्यावर, म्हणालो. एकदा दाखवा, म्हणाले. पण तांब्या माझ्याकडे आहेच कुठे? वाटणीच्या वेळी "हे भंगार विमानातून कोण नेणार" असं मीच म्हणालो होतो आणि तू डोळे पुसत तो उचललास. चुकलं माझं, ताई. मार्चमध्ये दाजी आणि तू येताय, तेव्हा बॅगेत तेवढा तांब्या आण. आणि चिंच लावून लख्ख करू नकोस. काळाच येऊ दे, 'सौ. गयाबाई' मला वाचता येईल.