गाडीचं आवतन

प्रिय अहो,

जिवंतपणी कधी 'प्रिय' म्हटलं नाही, आता म्हणते. राग मात्र तसाच आहे. उद्या पोळा. आज गड्याने बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली आणि वाटी माझ्यापुढे धरून विचारलं, "बाई, गाडीले कोन लावनार?" म्हणून लिहायला बसले.

काय वेड लावून घेतलंत हो! कापसाच्या जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब मायदेशी निघाला, जाताना आपली दोन सीटची उघडी लाल गाडी विकून गेला. घेतली कोणी? मानोऱ्याच्या वाटेवरच्या शेतकऱ्याने! पावसाळ्यात ती काळ्या मातीत रुतायची, आपलेच बैल ओढून आणायचे आणि तुम्ही आत बसून हसायचात. लाज कशी वाटली नाही?

वर पोळ्याला तिच्या बॉनेटला लोणी-हळद! "हे बी राबते ना वं," म्हणायचात. मग बैलांसारखंच तिलाही आवतन: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अख्खं गाव हसायचं. मीही हसले असते, पण लोणी माझं जायचं.

ते सगळं माफ. एक माफ नाही. तिच्या इंजिनातली बारीक खरखर तुम्हाला ओसरीवरून ऐकू यायची, मग स्वतःच्या छातीतली कशी आली नाही? अंगात ताप, आणि तुम्ही ओल्या जमिनीवर तिच्या खाली! डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे, "थांब ना, हे काहून खरखर करून राह्यली, तेवढं पाहू दे." पाहिलंत?

आज सकाळी धाकट्या भाऊजींनी कारंज्याहून गिऱ्हाईक आणलं. चाकाला पाय लावून तो परका माणूस म्हणाला, "वहिनी, हे डबडं कायले ठेवता? मी नेतो."

डबडं! इतकी वर्षं मीच म्हणत आले. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. "पाय काढा पयले! गाडी इकायची नाही!" भाऊजींनी त्याला परत नेलं. तुमचं वेड माझ्या गळ्यात बांधून गेलात ना शेवटी!

गड्याच्या हातून वाटी घेऊन लोणी मीच लावलं. विधवेने लावू नये म्हणणारे म्हणोत. आवतनही दिलं. 'जेवाले या' म्हणताना हात बॉनेटवर होता, पण बोलत तुमच्याशीच होते.

वचन देते, मी आहे तोवर ती दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. उद्या बैलांमागे तोरणाखाली उभी राहील, ढकलत न्यावी लागली तरी. पुरणपोळीचा नैवेद्यही तिला दाखवीन. ती जेवायला येईल. आवतन चुकवणारे तुम्हीच.

तुमच्यावर अजून चिडलेली,
यमुना